रायडर गेला त्या दिवशीही मी रेस शेवटपर्यंत बघितली. चुकलं का?

नाशिकच्या एका वाचकाने विचारलं आहे. थोडक्यात असं: "२००८ पासून मोटोजीपी, म्हणजे मोटरसायकल रेसिंगची जागतिक स्पर्धा, बघतो. २०२१ साली इटलीतल्या मुगेलो सर्किटवर पडलेला रायडर जेसन दुपास्किए गेल्याची बातमी आली आणि थोड्याच वेळात मुख्य रेस सुरू झाली. मी ती पूर्ण बघितली, रंगूनही गेलो. रात्री स्वतःचीच लाज वाटली. अजूनही २३ ऑक्टोबर आला की २०११ मध्ये त्या तारखेला रेसमध्ये गेलेल्या सिमोनचेल्लीचे फोटो काढून बसतो. बायको विचारते, तो तुझा कोण लागतो? हा खेळ खरंच सुरक्षित झालाय का, की नुसतं म्हणायचं? आणि आता माझा अकरा वर्षांचा मुलगा रेसिंग शिकायचं म्हणतोय. त्याला काय सांगू?"

मी कोल्हापूरचा. पेशाने भूलतज्ज्ञ. वर्षातले सात-आठ शनिवार-रविवार दक्षिणेतल्या सर्किटांवर मेडिकल कारच्या मागच्या सीटवर जातात, त्याला आता अठरा वर्षं झाली. तरुणपणी आरएक्स १०० घेऊन मातीतल्या रेसमध्ये मीही धूळ खाल्ली आहे, कॉलरबोन दोनदा मोडून घेतलं आहे. तेव्हा हे उत्तर अलिप्त माणसाचं नाही.

बायकोच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तोच सगळ्यांत अवघड आहे. मार्को सिमोनचेल्ली तुमचा कोण लागतो? आठवून बघा, २०११ च्या मे महिन्यात तुम्ही त्याला काय म्हणत होता. फ्रान्समधल्या ल मांला त्याच्याशी टक्कर होऊन पेद्रोसा या रायडरचं कॉलरबोन मोडलं, आणि अर्ध्या जगाने त्याला शिव्या घातल्या. मीही घातल्या. पोरगा केसांचं टोपलं घेऊन येतो आणि कुणालाही आडवा जातो, असं आमचं मत होतं. मग ऑक्टोबरमध्ये फिलिप आयलंडला तो दुसरा आला, मोटोजीपीतला त्याचा सर्वांत चांगला निकाल, आणि आम्ही म्हणालो, आता हा शिकला. पुढच्याच रविवारी मलेशियातल्या सेपांगला दुसऱ्या लॅपमध्ये तो गेला. वय २४. ज्याच्यावर वर्षभर चिडलो आणि ज्याला नुकतंच माफ केलं होतं, तो माणूस गेला की जे होतं ते तुम्हाला होतंय. आपल्याकडे शेजारचं वाह्यात कार्टं गेलं तरी गल्ली रडतेच.

आता सेपांगला काय झालं ते नीट समजून घ्या, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. वळणावर गाडी दोन तऱ्हांनी पडते. लो-साइडमध्ये टायरची पकड सुटते, गाडी ज्या बाजूला झुकलेली असते त्याच बाजूला निजते आणि रायडरसकट वळणाच्या बाहेर घसरत जाते. हाय-साइडमध्ये घसरणाऱ्या टायरला अचानक पकड मिळते आणि गाडी रायडरला वर भिरकावते. दिसायला भयंकर दुसरी, पण दोन्हींमध्ये माणूस बहुतेक वेळा बाहेरच्या दिशेने जातो. बाहेर त्याच्यासाठी सगळी सोय केलेली असते: मोकळी जागा, खडी, हवेने फुगवलेले पट्टे. सिमोनचेल्लीची गाडी अकराव्या वळणावर लो-साइड व्हायला लागली होती, पण ती सुटली नाही. तो धरून राहिला, टायरला पुन्हा पकड मिळाली आणि गाडी बाहेर जायच्या ऐवजी आत वळली, ट्रॅक आडवा कापत, मागून येणाऱ्यांच्या पुढ्यात. मागे कॉलिन एडवर्ड्स आणि व्हॅलेंटिनो रॉसी होते. त्या अंतरात कुणालाच काही करता आलं नसतं. रॉसी त्याचा दोस्त, दोघे एकत्र सराव करायचे.

म्हणजे सुरक्षेची सगळी तटबंदी बाहेर बांधलेली आणि मरण आतून आलं.

तटबंदी खोटी आहे असं मात्र मी म्हणत नाही. १९७३ च्या मे महिन्यात मोन्झाला २५० सीसीच्या रेसमध्ये पहिल्याच लॅपला रेंझो पासोलिनी आणि यार्नो सारिनेन गेले. सारिनेन आदल्याच वर्षीचा जगज्जेता. त्या वळणावर ट्रॅकला चिकटून लोखंडी कठडा होता आणि त्याच्यापुढे गवताच्या पेंढ्या. पडलेला माणूस कठड्यावर आपटून परत ट्रॅकवर यायचा. २००३ मध्ये सुझुकाला दाइजिरो काटो भिंतीवर आदळला, दोन आठवडे बेशुद्ध होता, मग गेला. सुझुकाला मोटोजीपी पुन्हा कधी गेली नाही. २०१६ मध्ये कातालुन्याला सरावात लुईस सालोम पडला. ज्या बाजूला घसरला तिथे खडी नव्हती, डांबर होतं, त्यामुळे त्याचा आणि गाडीचा वेग फारसा कमी झालाच नाही. त्याच रात्री ट्रॅकचा आराखडा बदलला आणि उरलेल्या रेस फॉर्म्युला वनच्या मार्गाने झाल्या. नंतर तिथे खडीही आली.

हे बघून माझ्यासारख्या माणसाला दोन गोष्टी एकदम वाटतात. एक, भिंतींचा प्रश्न या खेळाने खरोखर बराच सोडवला. दोन, एका रात्रीत जे बदलता आलं ते आदल्या दिवशी का नाही बदललं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला अठरा वर्षांत मिळालेलं नाही. आमच्याकडच्या बैठकांतही मिळत नाही, आणि तिथे तर चहाबरोबर बिस्किटं असतात.

भिंत सुटली तरी मागून येणारी गाडी उरते. २०१० मध्ये गेलेला टोमिझावा, सिमोनचेल्ली, आणि २०२१ मधले दुपास्किए, मिलान, डीन विन्यालेस: ही पाचही पोरं नुसत्या पडण्याने गेली नाहीत. पडले, आणि मागच्याची गाडी त्यांच्यावर आली. तिथे एअरबॅग फारशी कामाला येत नाही. २०१८ पासून जागतिक स्पर्धेत ती सक्तीची आहे, पडता पडता फुगते, खांदे आणि छाती वाचवते. माझं कॉलरबोन मोडलं तेव्हा ती असती तर बरं झालं असतं. पण दीडशे किलोची गाडी दोनशेच्या वेगाने अंगावर आली तर कुठलं कापड आणि कुठली हवा?

इथे बहुतेक चाहत्यांच्या डोक्यात एक उलटं गणित असतं. आमच्या क्षेत्रातल्याही काहींच्या डोक्यात असतं. त्यांना वाटतं, धोका वेगात आहे, म्हणजे सर्वांत मोठी गाडी सर्वांत धोक्याची आणि पोरांनी छोट्या गाड्यांवर शिकावं. प्रत्यक्षात काय झालंय बघा. मोटोजीपीच्या गाड्या एक हजार सीसीच्या. मुगेलोच्या सरळ पट्ट्यावर २०२३ मध्ये ब्रॅड बिंडरने ताशी ३६६ किलोमीटर गाठले. आणि सिमोनचेल्लीनंतर या सर्वोच्च वर्गाच्या रेसमध्ये, हे लिहीपर्यंत तरी, कुणी गेलेलं नाही. २०२१ मध्ये मात्र चार महिन्यांच्या आत तीन पोरं गेली. मे महिन्यात मुगेलोला दुपास्किए, १९ वर्षांचा, मोटो-३ या लहान गाड्यांच्या वर्गात. जुलैमध्ये आरागोनला ह्युगो मिलान, १४ वर्षांचा, मुलांच्या स्पर्धेत. सप्टेंबरमध्ये हेरेसला डीन बेर्ता विन्यालेस, १५ वर्षांचा, सुपरस्पोर्ट ३०० मध्ये. तिन्ही ठिकाणी गाड्या लहान.

कारण साधं आहे. लहान गाड्या एकमेकींसारख्या असतात, इंजिनात ताकद कमी असते, म्हणून पुढच्याच्या मागे हवेच्या आडोशाला राहिल्याशिवाय वेग मिळत नाही. कुणीच सुटून पुढे जाऊ शकत नाही. टीव्हीवर आपण "काय रेस आहे!" म्हणून उड्या मारतो, कारण पहिले दहा जण दोन सेकंदांच्या आत असतात. ताशी दोनशेला एका सेकंदात गाडी ५५ मीटर जाते. तुमच्या पुढचा पडला हे डोळ्याला दिसून हाताला कळेपर्यंतच तो अर्धा पट्टा संपलेला असतो. तुमच्या मागे आणखी वीस जण, आणि त्यांना तर पुढे कुणी पडलंय हेही दिसत नसतं, त्यांना समोरच्याची पाठ दिसते. मार्शलचा पिवळा झेंडा, ट्रॅकच्या कडेचे दिवे, गाडीच्या डॅशवरचा इशारा, हे सगळं पुढच्या लॅपला येणाऱ्यांसाठी. पहिल्या दोन सेकंदांसाठी कुणाकडेच काही नाही. म्हणजे आपल्याला जी रेस सर्वांत गोड लागते तीच सर्वांत धोक्याची. याचा अर्थ काय लावायचा तो तुम्ही लावा. मी अजून लावतोय.

त्या वर्षानंतर नियम बदलले. जागतिक स्पर्धेसाठी किमान वय २०२३ पासून १८ केलं, काही अपवाद ठेवून. लहान मुलांच्या काही स्पर्धांत एका वेळी किती गाड्या सोडायच्या तो आकडा कमी केला. यातला दुसरा बदल कुणी मथळ्यात छापला नाही. माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा.

नशीबही मोजा. २०२० च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियाला झार्को आणि मोर्बिदेल्ली पडले आणि त्यांच्या गाड्या हवेत उडून रॉसी आणि मावेरिक विन्यालेस (वरचा डीन वेगळा) यांच्यामधून गेल्या. काही इंच. त्या दिवशी कुणीही शोकसभा घेतली नाही. पुढे २०२२ मध्ये त्या भागात नवं वळण घालून वेग कमी केला. हे उदाहरण मी नव्या मार्शलांना मुद्दाम सांगतो, कारण कुणी न मरता ट्रॅक बदलला, असं क्वचितच होतं.

आता मुगेलोच्या त्या दुपारचं. तुमच्यासारख्यांनी मला हमखास विचारलेला प्रश्न आहे: दुपास्किए अर्धा तास ट्रॅकवरच होता, डॉक्टर काय करत होते, उचलून का नेलं नाही? हे मला नीट सांगू द्या, कारण आपल्या रस्त्यावर याच गैरसमजाने माणसं मरतात. बेशुद्ध पडलेल्या माणसाचा श्वास आधी मोकळा करावा लागतो. रक्तस्राव थांबवावा लागतो. मान हलू न देता त्याला पाटीवर घ्यावं लागतं. हे जागेवर नाही केलं तर हेलिकॉप्टर कितीही वेगाने गेलं तरी रुग्णालयात प्रेत पोहोचतं. पडद्यावर कापडी आडोशामागे "काहीच होत नाही" असं दिसतं तेव्हा सर्वांत जास्त काम चाललेलं असतं. २०१० मध्ये इटलीतल्या मिसानोला टोमिझावाच्या वेळी उलटं झालं होतं: रेस थांबवलीच नाही, घाईघाईत स्ट्रेचर नेताना एकजण खडीत अडखळला. त्याने काही फरक पडला असता असं मी म्हणणार नाही, जखमाच तशा होत्या. पण ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तेव्हापासून आमच्या सरावात स्ट्रेचर घेऊन खडीत चालणं आलं, बूट घालून, उन्हात, चौघांनी एका पावलावर.

आपल्या महामार्गावर काय होतं तुम्हाला माहीत आहे. दुचाकीवाला पडला की चार जण धावतात, मनाने चांगलेच, हेल्मेट खेचून काढतात आणि दोघांच्या मांडीवर आडवा टाकून रिक्षात घालतात. हेल्मेट काढायला दोन माणसं लागतात, एकाने मान धरायची, दुसऱ्याने हेल्मेट हळूच सरकवायचं. श्वास नीट चालू असेल तर ते डोक्यावरच राहू द्या. २०२२ मध्ये आपल्या देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली, त्यांतले ४४ टक्क्यांवर दुचाकीवरचे. रविवारी मोटोजीपी बघून सोमवारी ताम्हिणीत गुडघा टेकवायला जाणारे मी ऑपरेशन थिएटरमध्ये टेबलावर बघितलेत. तिथे बाहेरच्या बाजूला खडी नसते, दरी असते, आणि समोरून एसटी येते.

तुम्ही रेस बघितली ते चुकलं का? त्या दिवशी पेक्को बानाया रेस करायला तयार नव्हता, तसं तो नंतर बोललाही. तरी त्याने हेल्मेट घातलं, पुढे होता आणि दुसऱ्याच लॅपमध्ये पडला. क्वार्तारारो जिंकला, दुपास्किएच्या देशाचा, स्वित्झर्लंडचा, झेंडा घेऊन फिरला, पोडियमवर कुणी जल्लोष केला नाही. सेपांगला २०११ मध्ये रेस रद्द झाली होती. मला विचाराल तर मुगेलोलाही थांबायला हवं होतं. रायडरांच्या डोक्यात त्या दिवशी ट्रॅक नव्हता, आणि डोक्यात ट्रॅक नसलेल्या वीस माणसांना साडेतीनशेने सोडणं हा वैद्यकीय दृष्टीनेही मूर्खपणा आहे. पण तो निर्णय घेणारे वेगळे होते. तुम्ही सोफ्यावर होतात. तुम्ही टीव्ही बंद केला असता तर दुपास्किएचं काही भलं झालं नसतं, आणि रंगून गेलात याची लाज वाटली म्हणजे तुमचं माणूसपण ठिकाणावर आहे. मी तर रेस संपली की पोटभर जेवतोही. ही सवय आहे, शौर्य नाही.

एक गोष्ट मात्र मी बंद केली आहे. "जे आवडत होतं ते करताना गेला" हे वाक्य. ते बोललं की पुढचे प्रश्न मिटतात: खडी का नव्हती, तीस गाड्या का सोडल्या, झेंडा किती सेकंदांनी पडला. एकदा मी एका बापासमोर उभा होतो. कुठे ते सांगत नाही. त्यांना सगळं समजावून झालं होतं. ते इतकंच म्हणाले, "डॉक्टर, त्याचं हेल्मेट आम्हाला मिळेल का?" चौकशी होईपर्यंत मिळणार नव्हतं. त्या माणसासमोर ते आवडीचं वाक्य मला उच्चारता आलं नाही. त्यानंतर कुठेच आलं नाही.

सिमोनचेल्लीच्या वडिलांनी, पाओलोंनी, वेगळं केलं. व्हॅलेन्सियाला मोसमाची शेवटची रेस होती. एक मिनिट शांतता पाळायच्या ऐवजी त्यांनी एक मिनिट दणदणाट मागितला, कारण पोरगा तसाच होता. जुना जगज्जेता केविन श्वान्ट्झने त्याची गाडी चालवली, मागे सगळ्या वर्गांचे रायडर, आणि मग इंजिनं, फटाके, सगळंच. नंतर त्यांनी पोराच्या टोपणनावाने आणि ५८ या क्रमांकाने संघ काढला आणि दुसऱ्यांच्या पोरांना रेस करायला लावलं. मला हे कळतं आणि कळत नाही. मिसानोच्या सर्किटला आज सिमोनचेल्लीचं नाव आहे. २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाला मोटोजीपी आली तेव्हा जिंकलेला बेझेच्ची त्याच किनाऱ्यावरचा, रिमिनीचा.

त्याच मिसानोला ५ सप्टेंबर १९९३ रोजी वेन रेनी पडला. तीन वेळचा जगज्जेता, तेव्हाही पुढे होता. छातीखालचं शरीर गेलं, माणूस राहिला, आणि पुढे अमेरिकेतली राष्ट्रीय सुपरबाईक स्पर्धा त्याने व्हीलचेअरवरून चालवली. टोमिझावा गेला तोही ५ सप्टेंबर, तेच सर्किट. चाहते गेलेल्यांच्या तारखा पाठ ठेवतात. वाचलेल्यांच्या कोण ठेवतो?

आयल ऑफ मॅन बेटावरची टीटी ही रेस मी यात मिसळत नाही. साठ किलोमीटरचा गावातला रस्ता, दगडी कुंपणं, दिव्यांचे खांब. तिथे भिंत मागे सरकवताच येत नाही, ती कुणाच्या तरी घराची आहे. १९७२ मध्ये पार्लोत्ती हा रायडर गेला तेव्हा जगज्जेत्या आगोस्तिनीने तिथे यायचंच सोडलं, आणि १९७६ नंतर टीटी जागतिक स्पर्धेतून गेली. तरी ती चालू आहे. २०२२ च्या एका मोसमात सहा जण गेले. डनलप घराण्यातले तिघे रस्त्यांवरच्या रेसमध्ये गेले: जोई २००० मध्ये एस्टोनियाला, रॉबर्ट २००८ मध्ये, त्याचा मुलगा विल्यम २०१८ मध्ये. रॉबर्ट गेल्यावर दोनच दिवसांनी दुसरा मुलगा मायकेल त्याच ठिकाणी रेस जिंकला. २०२४ मध्ये त्याने काका जोईचा टीटीतल्या २६ विजयांचा विक्रम मोडला. ते लोक काय विचार करतात हे मला डॉक्टर म्हणून समजत नाही, आणि मी न्याय करायला बसत नाही.

आता तुमचा मुलगा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चेन्नईजवळच्या सर्किटवर राष्ट्रीय स्पर्धेत बंगळूरचा १३ वर्षांचा मुलगा गेला. हुशार होता, जिंकत होता. त्या शनिवार-रविवारच्या उरलेल्या रेस रद्द झाल्या. तेव्हा "परदेशात होतं, आपल्याकडे वेग कमी" हे स्वतःला सांगू नका.

त्याला नाही म्हणू नका, तो चोरून घाटात जाईल. पण अकादमी बघायला जाल तेव्हा गाडी कुठली आणि फी किती हे सगळ्यात शेवटी विचारा. एका वेळी ट्रॅकवर किती मुलं सोडता ते विचारा. नवखे आणि सरावलेले एकत्र सोडतात का ते बघा. पडलेल्याकडे पहिला माणूस किती वेळात पोहोचतो हे विचारू नका, तिथे उभं राहून घड्याळ लावा. दिवसभरात कुणीतरी पडतंच. रुग्णवाहिका उभी असेल तर तिचा चालक कुठे आहे बघा. डोक्याला मार लागलेल्या मुलाला त्याच दिवशी पुन्हा गाडीवर बसवत असतील तर तिथून थेट घरी या. पहिली दोन वर्षं त्याला गोकार्टिंगच्या छोट्या ट्रॅकवर मिनी बाईकवर पडू द्या. नीट पडायला, हँडल सोडून द्यायला शिकवतात तीच खरी शाळा.

आणि हेल्मेट. आपल्याकडे मुलांना बूट, गणवेश सगळं वाढत्या अंगाचं घ्यायची पद्धत आहे. हेल्मेट तसं घेऊ नका. घातल्यावर गालाचं मांस थोडं दाबलं गेलं पाहिजे, पट्टा आवळून मागून वर ढकललं तर ते डोक्यावरून निघता कामा नये. दर वर्षी डोकं मोजा, आणि लहान झालं की नवं घ्या. जुनं धाकट्याला देऊ नका.